एकेचाळीसाला नऊ

बिदियाच्या पुढं डांबर जिथं संपतं
तिथं आमचं गॅरेज.
दाराशी रोज वाळू येऊन बसते.
मी झाडतो, ती येते.
आता एकमेकांचं कुणी मनावर घेत नाही.

हमूद अल-हज्री भर दुपारी आला, तोंड पाडून.
गाडीला सदतीस इंची टायर, कोरे,
रबरावरचे केससुद्धा झडले नव्हते.
दिसायला आडदांड,
पण टेकडी दिसली की धाप लागायची.
‘उस्ताद, इंजिन म्हातारं झालं का?’

इंजिनाला काय धाड भरलीय.
मोडक्या अरबीत मी त्याला सांगितलं :
चाक मोठं झालं, एका फेरीत रस्ता जास्त आला,
जोर मात्र तेवढाच.
पाहुणे वाढले की आमटी जशी वाढते,
तसा वाढलाय तुझा जोर.
आणि काट्यावर विश्वास ठेवू नकोस,
तो साठ म्हणतो तेव्हा तू सत्तरीत असतोस.

मागचा अ‍ॅक्सल उघडला.
काळं तेल, जळक्या लसणाचा वास.
जुन्या पिनियनला दात अकरा, क्राऊनला एकेचाळीस.
नव्याला एकेचाळीसच, पण पिनियनला नऊ.
मी मोठ्यानं मोजले, मराठीत.
बाकी सगळं मी चार भाषांत करतो,
मोजणी दुसरीकडं चुकते.

मोतालेब पाना धरून उभा.
‘दात कमी आणि जोर जास्त? हे कसं?’
म्हटलं, माझ्या बापाला बघायला हवं होतंस.
वाळव्याच्या कारखान्यावर ट्रॅक्टर,
मागं उसाच्या दोन ट्रॉल्या,
तोंडात दात मोजून चार.
कधी धावला नाही.
थांबलाही नाही, चढाला.

मग कागदाहून पातळ चकत्या,
एक घाल, एक काढ.
दातांना पिवळा लेप लावायचा, हातानं फिरवायचं,
ठसा कुठं उमटतो ते बघायचं.
टोकाला उमटला. परत खोल.
मुळाशी उमटला. परत खोल.
दोन दातांमध्ये फट हवी,
इंचाच्या हजार भागांतले आठ.
घट्ट बसले तर जळतात,
सैल राहिले तर आदळतात.
चौथ्यांदा ठसा मधोमध आला,
तेव्हा मगरिबची बांग झाली होती.

हमूद म्हणाला, आता एवढंच राहू दे,
पुढचा अ‍ॅक्सल पुढच्या पगाराला.
मी चावी दिली नाही.
चारही चाकं जोडलीस की
मागचा नवाच्या हिशेबानं चालणार, पुढचा अकराच्या.
दोघंही आपापल्या जागी बरोबर,
आणि मधल्या पेटीत काहीतरी तुटणार.
उधार राहू दे, म्हटलं. गाडी राहू दे.

रात्री शालनचा फोन.
मी म्हटलं, दिवाळीच्या आत वरचा मजला उरकून टाक,
पैसे लावतो.
ती म्हणाली, तुम्ही तिकडून बोलता तेवढ्या वेगानं
इथं काही फिरत नाही हो.
मग पाण्याच्या मोटारीचं बोललो.
मग काहीच नाही,
नुसती फोनची घरघर.

दुसऱ्या दिवशी पुढचा उघडला.

एकेचाळीसला कशानं भाग जात नाही.
म्हणून तोच दात त्याच दातावर सारखा येत नाही,
नवांतला प्रत्येक जण एकेचाळिसांतल्या प्रत्येकाला भेटतो,
मगच पहिली भेट पुन्हा.
हे मला आयटीआयत कुणी सांगितलं नव्हतं.
इथं, एका शुक्रवारी, कपडे वाळत घालताना कळलं.

हमूदला बजावलं : आज वीस किलोमीटर, सावकाश.
मग थांब, निवू दे.
पाचशेवर तेल बदल, तेलात चमचम दिसेल,
घाबरू नकोस, नवे दात एकमेकांना घासून घेतात.
त्यानं ऐकलं नसणार.
संध्याकाळी गॅरेजच्या मागच्या टेकडीवर गाडी चढताना दिसली,
हळू,
गुरगुर न करता,
माथ्यावर दिवे क्षणभर आभाळाकडं झाले
आणि पलीकडं उतरले.

जुनं पिनियन भंगारात दिलं नाही.
पैसे पाठवल्याच्या पावत्यांवर ठेवलंय,
वारा असतो इथं.
अकरा दातांचं. जड आहे.