कारणाचा रकाना

रजिस्टर मी लिहितो, कारण वीत्स्केचं अक्षर
दुसऱ्या दिवशी तिलाच लागत नाही.
तारीख, जात, वजन, कोणी आणलं,
आणि शेवटी एक अरुंद रकाना: कारण.

हा गोठा होता. त्रेचाळीस गाई होत्या.
दूध थंड करायच्या स्टीलच्या टाकीत आता
लाल कानाची कासवं एकमेकांच्या पाठीवर चढून
दिव्याकडे माना लांबवतात.
बाहेर फ्रीसलंडचं आभाळ, गवताला टेकलेलं.
ऊन इथे विजेच्या बिलात येतं.

लोक शनिवारी येतात,
पुष्कळदा गाडी चालूच ठेवून.
मोठं झालं.
वास येतो.
मुलगा कॉलेजला गेला.
आणलं तेव्हा नाण्याएवढं होतं,
दुकानदार म्हणाला, एवढंच राहील.
मी शब्द कापून बसवतो.
एक नारिंगी साप तर उशीच्या अभ्र्यात सापडला,
पेट्रोल पंपावर, हवा भरायच्या नळीशेजारी.
रकाना कोरा.
एका इग्वानाच्या गळ्यात अजून
वाढदिवसाची रिबीन होती.

अंग काढून घेणं ही कासवाची रीत म्हणतात.
या दारात उभं राहिलं की कळतं, कोणाची.

वोब्बे आला तो बसने, ऑक्टोबरात,
मंगळवारी; मंगळवारी आम्ही बंद असतो.
मांडीवर बटाट्याची पेटी, पेटीत पेंढा, पेंढ्यात दोमिनी.
दोमिनी म्हणजे पाद्रीबुवा. चालतो तसा, म्हणाला,
जणू पुढे शवपेटी आहे आणि घाई शोभत नाही.
एकावन्न वर्षं. लग्नाआधीपासूनचा.
बायको गेली तेव्हा कपाटाखाली बसला होता,
तीन दिवस बाहेर आला नाही;
त्याचा अर्थ काही नसेलही, थंडी होती.
आता वृद्धाश्रमात प्राणी चालत नाहीत.
मासे चालतात, म्हणाला. मासे.

मी पेन धरून बसलो. कारण?
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
वीत्स्केने रजिस्टर ओढून घेतलं
आणि तिच्या त्या अक्षरात काहीतरी लिहिलं.
मला लावायला आठवडा लागला:
माणूस म्हातारा झाला. कासव नाही.

नियम असा, की सोडून जाणाऱ्याने परत येऊ नये.
दोघांनाही जड जातं, असं पत्रकात छापलंय.
कासवाचं छापणाऱ्याला कोणी सांगितलं, कोण जाणे.
वोब्बे दर मंगळवारी आला,
खिशात रुमालात गुंडाळलेली डँडेलियनची पानं,
नोव्हेंबरातली, शेवटची, कडांना जांभळी.

मग आम्ही दोमिनीला झोपवलं.
फ्रिजमध्ये. हसू नका,
पाच अंश लागतात, ना कमी ना जास्त.
वरच्या कप्प्यात वीत्स्केचं लोणी आणि अर्धा कोबी,
खाली डबे, डब्यांत माती, मातीत नऊ जण,
श्वास उधारीवर आणल्यासारखा जपून घेणारे.
रोज दार उघडून हवा द्यायची.
वोब्बेलाही उघडून दाखवलं.
फ्रिजच्या उजेडात तो टोपी काढून उभा राहिला.
आमच्याकडेही असंच आहे, म्हणाला,
फक्त लोणी इतकं चांगलं नाही.

फेब्रुवारीत वृद्धाश्रमातून फोन आला.
कळवायच्या लोकांच्या यादीत
आमचा नंबर दुसरा होता.

दोमिनी मार्चच्या मध्याला उठला,
झोपला त्यापेक्षा चाळीस ग्रॅमने कमी.
कोमट पाण्यात बसवला, तर बराच वेळ पीत राहिला,
मग मान वर केली, एक डोळा उघडला.
दाराकडे बघितलं, असं मी म्हणणार नाही.
दिवाही त्याच बाजूला आहे.

नंतरचं लिहायला रजिस्टरात रकानाच नाही.
मंगळवारी मी कालव्याच्या बांधावर जातो.
गुडघे वाजतात; मला बासष्ट चालू आहे.
वीत्स्केच्या अकरा वर्षांच्या नातीला बरोबर नेतो,
कुठलं पान खाण्याचं, कुठलं नाही, ते दाखवतो.
पानं खुडायची, सांगतो,
मूळ राहू द्यायचं,
अजून बरीच वर्षं लागणार आहेत.