उगवण

दहा बाय चौदा. ऐरोलीच्या घरासोबत सिडकोनं दिलेली माती.
तिच्यावर आधी स्कूटर उभी असे, मग मोडका कूलर,
गेली दोन वर्षं नुसती जागा.

जांभळी नाक्यामागच्या गल्लीत
गोगरी शेठनं दोन पाकिटं पुढं सरकवली.
एकावर गुबगुबीत कुत्रा, चेंडू, सोनेरी केसांचं मूल,
आणि आपल्या कुठल्याच महिन्यात न बसणारं हिरवं.
दुसरं खाकी. शिक्काही अर्धाच उमटलेला.
"मॅडम, गवतच तर आहे."

मी पाकीट उलटं केलं.
लॉट नंबर, चाचणीची तारीख, शुद्धता, उगवण,
तणाचं बी शेकडा किती.
कुत्र्याच्या पाकिटावर तारखेच्या जागी किमतीचं लेबल.
नखानं खरवडायला लागले
तसा शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सवय आहे.
बेलापूर रोडच्या कंपनीत सत्तावीस वर्षं गोळ्या तपासल्या.
दहा हजारांतून वीस उचलायच्या,
कोमट पाण्यात किती मिनिटांत विरतात ते बघायचं,
आणि उरलेल्या नऊ हजार नऊशे ऐंशींसाठी
सही करायची.

दोन्ही पाकिटं घेतली.

ह्यांचे दोन रुमाल कपाटात होतेच.
भिजवून, पिळून, ताटात पसरले.
शंभर इकडे, शंभर तिकडे, चिमट्यानं, दहाच्या रांगांत.
कुत्र्याच्या पाकिटात मोजता मोजताच
सात बिया काळ्या, गोल, चकचकीत निघाल्या. कुंजर.
त्या औषधाच्या बाटलीच्या झाकणात ठेवल्या, पुरावा म्हणून.

फोनवर मुलगा म्हणाला,
"आई, प्लास्टिकचं मिळतं गं, मीटरवर. पाणी नको, काही नको."
मी विचारलं, "त्याची उगवण किती?"
तो हसला. त्याला वाटलं, विनोद केला.

दिवागावच्या नामाबाय मढवी गेटपाशी थांबल्या, ताटात डोकावल्या.
त्यांचा बा भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकायचा.
मीठ किती? अंडं तरंगेल इतकं.
पोचट वर येतं, ते कोंबड्यांना.
तळाला बसतं ते बी.
मग वाकून त्यांनी माझ्या अंगणातली चिमूटभर माती
जिभेवर ठेवली. थुंकल्या.
"अजून खारट हाय.
बी तू तपासशील गो, माती कोण तपासणार?"

खाकी पाकिटाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत
गवताचं शास्त्रीय नाव होतं. भिंगातून वाचून दाखवलं,
त्याचं मराठीही सांगितलं.
नामाबाय गेटला धरून हसत राहिल्या.
"हरळी? बांधावरची हरळी उपटून
माझी नखं गेली, आन् तू किलोच्या भावानं आणलीस?"
हसू ओसरल्यावर म्हणाल्या,
"पण टिकंल तर तीच टिकंल हितं."

चौदाव्या दिवशी वहीत लिहिलं:
कुत्रा, सदतीस. खाकी, अठ्ठ्याऐंशी.
खाली सही केली. कोणी मागितली नव्हती.
मातीला तीन दिवस गोडं पाणी पाजलं,
वाळू, शेणखत, वर खाकी बी,
आडवं एकदा, उभं एकदा, मुठीत राख मिसळून.
आता तिथं हिरवट काहीतरी आहे.
उन्हाच्या एका बाजूनं पाहिलं तर दिसतं,
दुसऱ्या बाजूनं नाही.

कुत्र्याचा रुमाल फेकायचा राहून गेला होता,
एसीच्या गळक्या नळीखाली, ताटासकट.
आज तेविसावा दिवस.
ताट घासायला घेतलं तर चौथ्या रांगेत
एक कोंब. पांढरा, वाकलेला, टोकाशी बियाचं टरफल
अजून टोपीसारखं.

सदतीसांत हा नव्हता.

कंपनीत लाल शिक्का बसला की पिंप मागच्या दारानं जायचं.
तेविसाव्या दिवशी ते उघडून बघायची
पद्धत नव्हती.

हात पुसून वही उघडली. तारीख घातली.
पेन धरून बसले आहे.
ह्याला रकाना नाही.