तेरावा बिघाड

खिडकी सकाळी सातला उघडते.
मीटर, सोल्डरगन, चिमटे, वायरींची भेंडोळी:
नाव लिहा, नंबर लिहा, घेऊन जा.
रात्री परत. चिमटे बहुधा येतात.
फ्यूज येत नाहीत.

मी इथलं स्टोअर सांभाळतो.
मिनेसोटाच्या उत्तरेला, जिथं खाणीची माती इतकी लाल
की बर्फसुद्धा वितळताना गंजल्यासारखं दिसतं,
त्या गावच्या कम्युनिटी कॉलेजात,
तळघरात, बॉयलरशेजारी.
मी फारसा शिकलो नाही.
कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात, एवढं मात्र झोपेत विचारा.

इथलं निम्मं शिकणं दुसऱ्यांच्या भंगारावर चालतं.
उभा चिरलेला एक पंप, आतून निळा-तांबडा रंगवलेला,
पाणी कुठून शिरतं, कुठं ढकललं जातं ते दिसावं म्हणून.
बंद पडलेल्या कागद गिरणीच्या तीन मोटारी.
आणि व्हर्ना पेल्कोनेन बाईंची पेटी.

पेटी म्हणजे प्लायवुडचा फळा,
त्यावर रिले, टायमर, दोन दिवे, एक मोटर,
आणि पाठीमागे झाकणाआड बारा बटणं.
प्रत्येक बटण म्हणजे एक बिघाड.
तीन दाबलं की दिवा लागत नाही.
सात दाबलं की मोटर सुरू होते ती थांबतच नाही.
वर्गाकडे तोंड ठेवून बाई हात मागे न्यायच्या,
एखादं बटण दाबायच्या आणि म्हणायच्या,
"दुखणं काय आहे ते बघा. नाडी तुमच्या हातात आहे."

बाई निवृत्त झाल्या. बारा उत्तरांचा कागद
त्यांच्या तिरप्या अक्षरात माझ्या खणात आहे.
पाचव्या उत्तरावर कॉफीचा डाग.

या हिवाळ्यात रात्रीच्या वर्गाला ड्वेन राउटिओ आला.
वय बावन्न. सव्वीस वर्षं खाणीत डंपर,
मग एका शुक्रवारी गेटवर चिठ्ठी.
बोटं इतकी जाड की मीटरची पिन त्यात हरवते;
शेजारची काबाओ त्याचे आकडे लिहून घेते.
नव्या सरांनी नऊ दाबलं.
ड्वेननं नऊ शोधला, आणि तिथंच बसून राहिला.
"अजून एक आहे," म्हणाला.
सरांनी कागद पाहिला. "तेरावं बटण नाही."
"बटण नसेल. बिघाड आहे."

त्यानं फळ्याला कान लावला,
डंपरच्या बॉनेटला लावायचा तसा,
आणि रिलेच्या पायथ्याशी नेमकं बोट ठेवलं.
सोल्डरला केसाएवढी चीर.
गरम झाली की उघडते, गार झाली की मिटते.
दिवा दोनदा मिचकावला. खरंच होतं.

सगळे टाळ्या वाजवत होते. मला एक मुलगा आठवला.
चार वर्षांपूर्वी, याच पेटीवर,
आकडा एकदा बारा, एकदा शून्य, पुन्हा बारा.
मीटर घेऊन खिडकीशी आला.
मी तपासलं आणि म्हणालो, "मीटर ठीक आहे पोरा."
तो म्हणाला, "मग माझाच हात असा आहे."
सोमवारी आला नाही. त्यानंतरही नाही.

रात्री बाईंना फोन केला.
बराच वेळ नुसती त्यांच्या शेगडीची धग ऐकू येत होती.
"जोडून टाकू?" मी विचारलं.
"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "कागद घे. खाली तेरा लिही."

लिहिलं. माझ्या अक्षरात, पहिल्यांदाच:
*तेरा. हा आम्ही घातलेला नाही.*

मग जुनी वही काढली.
पान सापडलं: मीटर क्रमांक अठरा, परत मिळाला,
थॅडियस ब्रूनेल, आणि पुढं फोन नंबर.
शेवटचा आकडा नीट लागत नाही.
एक असेल, किंवा सात.

दोन्ही करून बघता येतील.