हायब्रीड

देवळालीच्या पाचव्या होलवर
माझा चेंडू आजही चाळीस पावलं सरपटत गेला,
खळ्यातून निसटलेल्या उंदरासारखा.
लहानू गांगोडे काही बोलला नाही.
कॅडीचं गप्प राहणं म्हणजे पंचनामा,
खाली सही तेवढी आपली.

हातात थ्री वूड.
नावाला लाकूड, अंग सगळं पोलादाचं.
सातपूरच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं
दोन मायक्रॉनसाठी जॉब परत पाठवले मी,
आता हा त्रेचाळीस इंची दांडा
रोज मला रिजेक्ट करतो.

सेट दस्तूर साहेबांचा.
रिटायर झालो त्या दिवशी गाडीच्या डिकीतून काढून दिला,
मुठींवर त्यांच्या अंगठ्याचे खळगे.
‘वाघचौरे, वूड मारता आलं की माणूस गोल्फर.’
साहेब गेले.
वाक्य बॅगेतच राहिलं, आणि वजनाला कमी नाही.

काय करायचं ते पाठ आहे :
चेंडू डाव्या टाचेसमोर,
झाडू फिरवल्यासारखा सपाट घाव,
उचलायला जाऊ नये.
पण ते बुटकं तोंड, तो उभा चेहरा बघितला
की उजवा खांदा आपोआप खाली उतरतो,
पडलेल्या माणसाला हात द्यावा तसा.
आणि चेंडू डोक्यात मार खातो.

बायको म्हणते, सरळ गोल्फ क्लबवर जात जा.
नाशकात गोल्फ क्लब म्हटलं की
रिक्षावाला मैदानावर सोडतो,
तिथे लोक स्वेटर घालून गोल गोल चालतात,
कुणाचंच काही चुकत नाही.

गेल्या मंगळवारी लहानूने शेडमधून
कुणाची तरी जुनी काठी आणली.
दांडा आखूड. डोकं
वूडचं म्हणावं तर लहान, आयर्नचं म्हणावं तर पोट सुटलेलं.
‘हे काय रे?’
‘हायब्रीड.’

हा शब्द आमच्या घरात आईच्या तोंडी होता.
ताटातली भाकरी बाजूला सारून म्हणायची,
‘हायब्रीड बाजरी. दाणा मोठा, चव मेली.’
पुढे आम्हा भावंडांनाच म्हणू लागली,
उन्हात दोन तास उभं राहवेना तेव्हा.

लहानू हसला. ऑक्टोबर सरला की तो मोकळा असतो,
पण त्याआधी दिंडोरीला द्राक्षाची कलमं बांधतो.
‘खाली डॉगरिज, वर थॉमसन.
मूळ आडदांड, फळ नाजूक.
बांधताना खानदान कोण विचारतं, साहेब?
धरलं की झालं.’

मग म्हणाला : झाडू विसरा.
सात नंबरसारखं खाली मारा.
चेंडू मधल्या बटणापासून दोन बोटं डावीकडे,
बस.

पहिला गेला डावीकडे, थेट बाभळीत.
दुसऱ्याने मातीचा पापुद्रा काढला.
तिसऱ्याला बहुल्याकडे तोफ उडाली
आणि माझं लक्ष गेलं तिकडे,
हात मात्र आपलं काम करून मोकळे झाले.
कुसळी गवतातून ‘टप्’.
वर बघितलं तर चेंडू अजून वरच होता.

एकशे साठ यार्ड, लहानूने पावलांनी मोजले.
‘वूडने दोनशे गेला असता,’ मी म्हणालो.
‘कुणाचा?’ त्याने विचारलं.

रात्री जेवणाच्या टेबलावर
कोन मोजायचं जुनं प्रोट्रॅक्टर काढलं.
बावीस अंश. म्हणजे चार नंबर.
तीन नंबर घ्यावा का, एकोणीसचा?
अजून दहा यार्ड मिळतील.
बराच वेळ पेन्सिल चावली
आणि चारच लिहिला.

थ्री वूड आता दाराआड उभं असतं.
बायको त्याने माळ्यावरच्या पिशव्या ओढते,
तिचा फॉलो-थ्रू चांगला आहे.
त्याची लोकरी टोपी, दस्तूरबाईंनी विणलेली,
हायब्रीडला घालून बघितली.
ढिली होते, कानावर येते.
असू दे.
उद्या साडेसहाला पाचवा होल.