नऊ दिवस

पावणेदोनला नळी आली, अजून कोमट.
चिठ्ठीवर, घाईच्या अक्षरात:
येमुल अंबादास, पुरुष, एक्केचाळीस,
ताप चार दिवस. डेंग्यू? कावीळ? असंबद्ध बडबड.

एप्रिल चालू होता.
सोलापुरात एप्रिलमध्ये डासही हौदाच्या आडोशाला
जीव धरून बसतात.
मलेरिया बघा, असं चिठ्ठीत कुणी लिहिलं नव्हतं.
मी स्लाईड ओढली ती सवयीनं,
सव्वीस वर्षांच्या,
जशी विडीवाली बाई बोलता बोलता पान कातरते.

रंग वाळला. तेलाचा थेंब. भिंग खाली.
आणि अंगठ्या.
बारीक, निळ्या, लाल खड्याच्या,
एकेका पेशीत दोन दोन, तीन तीन,
सराफाचं दुकान कुणी तरी उपडं केल्यासारख्या.
मी मोजायला घेतलं. शंभरात अकरा.
पुन्हा मोजलं. अकराच.

बाहेर बाकावर त्याची बायको, राजमणी.
बोटांना तंबाखूचा वास, मांडीवर रिपोर्टांची पिशवी.
विचारलं, हे बाहेरगावी गेलते का कुठं?
ती म्हणाली, न्हाई ओ बाई,
बाहेरगावी कुठलं,
नऊ दिवस झाले घरातच हायत,
आफ्रिकेहून आल्यापासनं.

तीन दवाखाने झाले होते.
जीभ बघितली, पोट दाबलं,
सलाईन लावली, उतरवली.
दोन वर्षं तो म्वांझाच्या गिरणीत
आपल्याच अक्कलकोट रोडचे, विकलेले जुने माग
परत हलते करत होता,
हे तिला कुणी विचारलं नाही,
आणि न विचारता सांगायचं असतं
हे तिला माहीत नव्हतं.

मी जिना चढले तो कसा, आठवत नाही.
वॉर्डात पोरगेला डॉक्टर, मळवटे आडनावाचा,
माझ्या हातातली स्लाईड बघून म्हणाला,
मॅडम, मी हे फक्त पुस्तकात बघितलंय.
मग पळाला. आर्टेसुनेटच्या कुप्या
खालच्या कपाटात होत्या, किल्ली तिसऱ्याकडे.

खाटेवर अंबादास हवेत हात चालवत होता.
दारम् तेगिंदी, दारम् तेगिंदी.
धागा तुटला म्हणत होता,
आणि चिमटीत न दिसणारं टोक धरून
गाठ मारत होता, सोडत होता, मारत होता.
मधेच तिकडच्या भाषेत कुणाला तरी,
पोले, पोले.
पिशवीतली लघवी काळ्या चहासारखी.

पहिलं इंजेक्शन तीन वाजता,
दुसरं दुपारी तीनला.
शंभरात सात. दोन.
चौथ्या दिवशी त्यानं कडक भाकरी मागितली
आणि राजमणी पहिल्यांदा रडली.

त्या आठवड्यात मी रजिस्टरात
पट्टीनं एक रकाना वाढवला: कुठून आला?
सगळे लिहितात, इथलाच.
एका म्हातारीनं सांगितलं, माहेराहून.
तेही लिहिलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो आला तपासणीला,
गालाची हाडं वर, शर्ट दुसऱ्याचा वाटावा असा.
म्हणाला, मला बघू द्या की एकदा.
मी स्टूल दिलं.
दोन्ही हातांनी चाकं धरून बसला,
कारागिरासारखा, श्वास रोखून, बराच वेळ.
काहीच न्हाई की ओ, म्हणाला,
आणि जरा हिरमुसलाच.

जाता जाता सांगितलं,
कंपनीचा फोन आलाय. तीन तारखेचं तिकीट.
मी गोळ्यांची नावं लिहून दिली, वेळा लिहिल्या,
खाली दोन रेघा मारल्या.
राजमणीनं कागद घडी करून
पदराच्या टोकाला गाठला.
मग गाठ सोडून
त्याच्या खिशात ठेवला.