ई

साकीनाक्याला, वेल्डिंगच्या दुकानावर,
मी कराओकेसाठी गाण्यांचे शब्द टाइप करतो.
ओळीला अडीच रुपये. मुखडा पुन्हा आला
तर त्याचे पैसे नाहीत.

काल ते गाणं आलं.
मरोळच्या गावठाणात, एल्विनच्या पत्र्यावर बसून
आम्ही रेकून रेकून म्हणायचो ते:
दार उघडंय, ये ना.
तो मस्कतला गेला त्या पहाटेही
रिक्षा वळेपर्यंत मी तेच म्हणत होतो,
तोंडातल्या तोंडात.

कंपनीच्या कागदावर छापलंय:
दार उघडंय, येईना.

हेडफोन दाबून सात वेळा ऐकलं.
येईना. स्वच्छ येईना.
गाणारा कुणाला बोलावतच नव्हता,
नुसता सांगत होता, थकलेली उधारी सांगावी तसा.

बावीस वर्षं मी भलत्याच्या तक्रारीत
आमंत्रण ऐकत होतो.

खालून जळक्या लोखंडाचा वास.
शेठ विचारतो, झालं का?

मी ई खोडला.
तिथे जागा सोडली.

आता भांडुपच्या एखाद्या हॉलात, बारशाला,
कुणी बेसूर मामा माइक धरेल,
पडद्यावर अक्षरं एकेक निळी होत जातील,
आणि त्या चुकीशी येऊन
तो जरा थांबेल, दाराकडे बघेल.