रेघ

त्या हिवाळ्यात, रिगात,
आमच्या छापखान्यात खिळ्यांच्या तीन पेट्या होत्या.
रशियनची भरगच्च, हुकूम छापताना
अक्षरं कमी पडू नयेत म्हणून.
जर्मनची चकचकीत, मालकाच्या घरची.
आणि तिसरी आमची, लाटव्हियन, कोपरे झिजलेली;
तिच्या एका कप्प्यात कायम खडखडाट,
पोटात आडवी रेघ असलेल्या ‘स’चा.

मातीस म्हणायचा, भाषा लहान नसते रे,
पेटी लहान असते.
आणि शिशाच्या भट्टीकडे तोंड करून खोकत राहायचा.

पत्रकात फार काही नव्हतं.
आठ तासांचा दिवस.
गिरणीत उकळतं पाणी, चहापुरतं.
बायकांची झडती बायकांनीच घ्यावी.
हे शेवटचं दार्ताने सांगितलं, तागाच्या गिरणीतल्या.
सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती,
काचेवरच्या बर्फावर नखाने काहीतरी खरवडत होती.

अकराव्या ओळीत ‘स’ संपले.
मातीसने साधे खिळे बसवले, म्हणाला,
रेघा हाताने मारा.

मग रात्रभर मी, दार्ता, तिचा भाऊ आन्सिस,
दोन हजार कागद
आणि प्रत्येकावर नऊ रेघा.
आन्सिसला अक्षरओळख नव्हती.
त्याच्या रेघा सगळ्यांत सरळ.
पहाटे त्याच्या बोटांतून टाक
मला सोडवून घ्यावा लागला.

गुरुवारी पुलापाशी शिपाई उभे होते,
तेही कुठल्या तरी लांबच्या खेड्यातले, ओठ फुटलेले.
एकाने माझ्या हातून पत्रक घेतलं,
उलटं धरलं,
बराच वेळ बघत राहिला.
मग हुकूम आला.
तो त्याला कळणाऱ्या भाषेत होता.

आम्ही नदीवर धावलो. दौगावा गोठलेली,
पण एवढ्यांचं ओझं तिने कधी घेतलं नव्हतं.
आन्सिस माझ्या दहा पावलं पुढे.
बर्फाला तडा गेला, सरळ.

मार्चमध्ये गिरणीत उकळतं पाणी मिळू लागलं.
दार्ता ते पीत नसे. मगाला हात लावून बसे,
पाणी गार होईपर्यंत.
पुढच्या हिवाळ्यात मातीसला नेलं,
पेटी रस्त्यावर उलटी केली;
पोरांनी ते शिसं वितळवून गळाची वजनं ओतली.

एक पत्रक माझ्याकडे उरलंय.
त्यात आन्सिसने एका जागी
भलत्याच अक्षराला रेघ मारलीय.
त्या शब्दाला मग काही अर्थच राहत नाही.
खोडायला मी दोनदा चाकू घेतला होता हातात.